रिपोर्टमधली दुरुस्ती रेसिडेंटपर्यंत पोहोचू द्या

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

मी याच राज्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून रेडिओलॉजीत एम.डी. झाले. आपल्याकडे नवी मशीन, रिकामी पदं अशा मागण्या रोज येत असतील, आणि त्या रास्तच आहेत. माझी मागणी त्यापुढे लहान आहे. सीनिअरने रेसिडेंटचा, म्हणजे एम.डी. शिकत असलेल्या डॉक्टरचा, रिपोर्ट बदलला, तर काय बदललं ते त्या रेसिडेंटला कळावं.

रात्री सीटी झाला की पहिला रिपोर्ट रेसिडेंटच लिहितो. कॅज्युअल्टीतले डॉक्टर त्यावरच पुढचं ठरवतात. सकाळी सर किंवा मॅडम तो सीटी पुन्हा बघतात, हवं तिथे दुरुस्ती करतात आणि सही करतात.

पहिल्या वर्षी एक्स-रेचे रिपोर्ट आम्ही हाताने लिहायचो. मॅडम लाल पेनने खाडाखोड करायच्या. छातीच्या एका एक्स-रेला मी 'नॉर्मल' लिहिलं होतं. त्यावर आडवी रेघ मारून मॅडमनी समासात लिहिलं, 'हृदयामागे बघ.' डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग हृदयाच्या सावलीआड जातो, तिथला न्यूमोनिया सहज निसटतो. त्या दोन शब्दांनंतर हृदयामागे न बघता मी एकही एक्स-रे हातावेगळा केलेला नाही.

दुसऱ्या वर्षी सीटीवर आले. तिथे सगळं कॉम्प्युटरवर. एका रात्री मोटरसायकलवरून पडलेल्या साठीच्या गृहस्थांच्या डोक्याचा सीटी मी 'रक्तस्राव नाही' असा लिहिला. कवटीला आतून लागून रक्ताचा पातळ थर होता. मेंदू बघायची नेहमीची 'विंडो', म्हणजे काळ्या-पांढऱ्या छटांची स्क्रीनवरची सेटिंग, अरुंद असते. तिच्यात हाड पांढरं आणि ताजं रक्तही पांढरं, दोन्ही एकमेकांत मिसळून जातं. विंडो रुंद केली की थर सुटा दिसतो. मी ती केली नव्हती. सकाळी सरांनी वाक्य बदललं, वॉर्डला फोन केला, पेशंटवर लक्ष ठेवलं गेलं आणि ते बरे होऊन घरी गेले.

मला हे कळलं अकरा दिवसांनी. तेही त्यांचा पुढचा सीटी माझ्याच ड्युटीत आला आणि मी जुना रिपोर्ट उघडला म्हणून. खाली नाव माझं होतं, वाक्य माझं नव्हतं. मधल्या अकरा दिवसांत डोक्याचे कितीतरी सीटी मी त्याच अरुंद विंडोत बघून मोकळी झाले होते. त्यातल्या किती जणांचं काय निसटलं, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

सरांना मी दोष देत नाही. सह्यांचा ढीग समोर, बाहेर सोनोग्राफीची रांग. प्रत्येक वेळी रेसिडेंटला शोधून बोलवायचं कधी? पण लाल पेनाची खूण कागदावर राहायची. कॉम्प्युटरवर नवं वाक्य जुन्याला पुसून टाकतं. रेसिडेंटच्या कामाच्या ऑनलाइन वहीत, ई-लॉगबुकात, किती केसेस केल्या याची नोंद होते, किती रिपोर्ट बदलले गेले याची नाही. त्यात सगळे बदल एका मापाचे नसतात. 'सौम्य'चं 'किंचित' केलं तर पेशंटला फरक पडत नाही. 'गाठ नाही'चं 'गाठ आहे' केलं तर पडतो. उलटही होतं: रेसिडेंट नसलेला आजार लिहून बसतो आणि सकाळपर्यंत नातेवाइकांच्या पायाखालची जमीन सरकलेली असते.

म्हणून विनंती अशी. रिपोर्टिंगच्या सॉफ्टवेअरचं टेंडर काढताना, रेसिडेंटचा मूळ मजकूर आणि अंतिम रिपोर्ट दोन्ही जपले जातील आणि बदल झाल्याची सूचना रेसिडेंटला जाईल, ही अट घाला. उपचार बदलणारी दुरुस्ती असेल तर वॉर्डमध्ये कुणाला, किती वाजता कळवलं हे रिपोर्टमध्येच लिहायला लावा. आणि प्रत्येक विभागात आठवड्यातून एक तास अशा केसेस नाव न घेता एकत्र बघितल्या जाव्यात. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ रेडिओलॉजिस्ट्स अशा बैठकांचा आग्रह धरतं. आधी त्यांना विसंगतींच्या बैठका म्हणत, आता नावातच 'लर्निंग' शब्द आहे. या नोंदी परीक्षेत किंवा शिक्षेसाठी वापरता येणार नाहीत, हे मात्र परिपत्रकात स्पष्ट लिहा. नाहीतर सीनिअर डॉक्टर रेसिडेंटला सांभाळून घ्यायला बदल लपवतील आणि रेसिडेंट भीतीपोटी प्रत्येक रिपोर्टात 'नाकारता येत नाही' लिहून सुटतील.

आज रात्रीही कुठल्यातरी सरकारी रुग्णालयात दुसऱ्या वर्षाची एखादी मुलगी एकटी सीटी बघत बसली असेल. तिचा रिपोर्ट सकाळी बदलला गेला, तर संध्याकाळच्या ड्युटीआधी तिला ते कळावं, एवढी व्यवस्था आपण करा.

आपली,
सरकारी महाविद्यालयात घडलेली एक रेडिओलॉजिस्ट