भोंडला मुलांच्या पट्टीत गा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घटस्थापना जवळ आली की सोसायट्यांच्या आणि बालवाड्यांच्या भोंडल्याचे फलक लागतात. हल्ली त्यांवर साउंड सिस्टीमचा उल्लेख ठळक असतो. गाणी कोण म्हणणार हे लिहिलेलं नसतं, कारण ती पेनड्राइव्हवर असतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ही व्यवस्था कुचकामाची आहे. त्याची कारणं संगीतातलीच आहेत, म्हणून हे पत्र.

पहिली अडचण पट्टीची, म्हणजे गाण्याचा सा हार्मोनियमच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर धरायचा याची. बायका साधारण काळी चार किंवा काळी पाचमध्ये गातात आणि बाजारातले बहुतेक ट्रॅक त्याच हिशेबाने बांधलेले असतात. भोंडल्याच्या चाली षड्जाभोवती, म्हणजे साभोवती फिरतात, मधूनच मंद्र निषादाला, म्हणजे साच्या खालच्या नीला उतरतात. चार वर्षांच्या मुलाचा गळा इतका खाली जात नाही. त्याला सोयीचा टापू म्हणजे हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंतचे पाच सूर. त्याखाली गेलं की मूल गाणं सोडून बोलायला लागतं, आणि आपण म्हणतो की याला सूर नाही. सूर असतो, पट्टी चुकलेली असते. मोबाइलवरच्या तंबोऱ्याच्या अ‍ॅपमध्ये सा पांढरी दोनवर लावावा. चाल मंद्रात जास्त रेंगाळत असेल तर काळी दोन किंवा पांढरी तीन घ्यावी. पंचमाच्या, म्हणजे पच्या वर वारंवार जाणारी चाल या वयाला नकोच. तिथे गाण्याची आरडाओरड होते.

आजोबा किंवा काका गाणं सांगणार असतील तर एक काळजी घ्यावी. पुरुषाचा आवाज मुलांपेक्षा एक सप्तक खाली असतो. मोठी मुलं आपोआप वरच्या सप्तकात म्हणतात, लहानगी मात्र त्या खर्जाची नक्कल करत घशातून घुरघुरतात. अशा वेळी शेजारी एखादी मावशी किंवा आठ-दहा वर्षांची ताई उभी करावी; मुलं तिचा सूर पकडतात.

दुसरी अडचण अशी की ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. दोन कडव्यांमधला आठ मात्रांचा वाद्यांचा तुकडा चार वर्षांचं मूल मोजू शकत नाही. ते मध्येच सुरू होतं, गोंधळतं आणि गप्प बसतं. गाणारं माणूस असेल तर फेर अडखळला की ओळ पुन्हा घेता येते आणि मुलं हसली की तेच कडवं दोनदा म्हणता येतं. लयीचंही तसंच. हात धरून चालणाऱ्या लहान मुलांना मिनिटाला १०० ते ११० पावलं झेपतात. नाचाच्या ठेक्यावर बसवलेले ट्रॅक १२५-१३०च्या घरात असतात. त्या वेगात पुढची मुलं पळतात, मागची ओढली जातात आणि फेर तुटतो तो नेहमी सगळ्यात लहान मुलाच्या हातापाशी.

आवाजाच्या मोठेपणाबद्दल आकडाच सांगतो. कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) या संस्थेच्या मोजमापाप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाने दिवसात आठ तास ऐकला तर चालतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. स्पीकरच्या पुढ्यात हा आकडा सहज गाठला जातो, आणि मुलांचा फेर बहुधा स्पीकरच्या पुढ्यातच धरलेला असतो. पंधरा मुलांच्या फेराला एक मोकळा गळा पुरतो. फारच उघडं मैदान असेल तर दोघीजणी समोरासमोर उभ्या राहून गाव्यात.

फेर किती मोठा असावा? हात सैल धरले की एका मुलाला साधारण ८० सेंटिमीटर लागतात. पंधरा मुलांचा घेर १२ मीटर, म्हणजे फेर जेमतेम पावणेचार मीटर रुंद. एवढी जागा पार्किंगमध्येही निघते. दर तीन मुलांमागे एक मोठं माणूस हवं, नाहीतर फेराचं अंडं होतं. चार-पाचच मुलांचा फेर नको, कारण तो इतका लहान होतो की मुलं चालण्याऐवजी गरगरतात आणि तिसऱ्या गाण्याला भोवळ येते. हत्तीचा पाट मधोमध असावा. तो रांगोळीने काढला तर पहिल्याच गाण्यात पुसला जातो. तांदळाचा किंवा पाटीवर खडूने काढलेला टिकतो.

विदर्भ-खानदेशात भोंडल्यासारखाच भुलाबाईचा खेळ असतो, त्यात टिपऱ्या असतात. बाजारातल्या रंगीत टिपऱ्या ३५-४० सेंटिमीटर लांब आणि मोठ्यांच्या हाताच्या असतात. मुलांना २० ते २५ सेंटिमीटरच्या, अंगठ्याएवढ्या जाडीच्या द्याव्यात आणि टोकं पॉलिश पेपरने गोल करून घ्यावीत. हात मोकळे असल्यामुळे मुलं सरकत सरकत मध्ये येतात, म्हणून जमिनीवर खडूच्या खुणा हव्यात आणि दोघांतलं अंतर दुप्पट. ठेक्यासाठी करवंट्याही छान. नारळ नीट वाळलेला घ्यावा. ओल्या करवंटीचा आवाज बसका येतो आणि ती पुढे तडकते. शेंड्या तासून कडा घासल्याशिवाय मुलांच्या हाती देऊ नयेत, कुसळं घुसतात. दिमडी, म्हणजे हातात धरायचं छोटं डफ घ्यायचं असेल तर फायबरच्या पानाची (वाजवायच्या पडद्याची) घ्यावी. कातडी पान नवरात्रातल्या दमट हवेत सैल पडतं आणि दर वेळी शेकावं लागतं. जुन्या दिमड्यांना घोरपडीचं कातडं असे. घोरपड १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तेव्हा तसलं वाद्य कुणी विकायला आणलं तर घेऊ नये.

आता गाणी. ‘मुलांना जुने शब्द कळत नाहीत’ म्हणून त्याच चालींवर स्वच्छतेची आणि शिस्तीची गाणी बसवण्याची टूम शाळांमधून निघाली आहे. हेतू चांगला, पण नवे शब्द चालीच्या मात्रांत मावत नाहीत. ‘पर्यावरण’ हा शब्द दोन मात्रांत कोंबला की मुलं तो गिळून टाकतात. सासुरवासाची गाणी लहानांना नको वाटत असतील तर ती मोठ्या मुलींसाठी ठेवावीत; लहानांसाठी परंपरेतच भरपूर आहे. कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या; तेही सासू-सुनेचंच, पण हलकंफुलकं. बी पेरण्यापासून भाजीपर्यंत प्रत्येक कडव्यात एक-दोन शब्दच बदलतात, बाकी ओळ तीच. तीन वर्षांचं मूल दुसऱ्या कडव्याला त्यात सामील होतं. लिंबू झेलण्याच्या गाण्यात आकडे चढत जातात. वेड्याच्या गाण्यातली फजिती पाच वर्षांच्या मुलांना इतकी आवडते की गाणं पुढे सरकत नाही. सरकू देऊ नये.

शिकवायचं ते ओळीमागे ओळ. एका दमात चार-पाच सेकंदांहून लांब ओळ या वयाला पेलत नाही, तशी असेल तर मोडून घ्यावी. सुरुवातीचा सूर देणं बहुतेकजण विसरतात. ‘एक, दोन, तीन, चला’ असं ओरडून सुरू केलं की पंधरा मुलं पंधरा पट्ट्यांत लागतात. पहिली ओळ एकटीने गावी आणि ‘आता तुम्ही’ हे शब्दही त्याच सुरात म्हणावेत. उत्साहात पट्टी चढत जाते, म्हणून दर दोन-तीन गाण्यांनी तंबोऱ्यावरून सा पुन्हा घ्यावा. सगळा कार्यक्रम २०-२५ मिनिटांचा, सहा-सात गाण्यांचा. त्यातलं एखादं बसून.

खिरापत ओळखण्याचा खेळ डबा हलवूनच व्हावा. चुरमुऱ्याचा आणि लाडवाचा आवाज मुलांना बरोबर वेगळा कळतो. मात्र पाच वर्षांखालच्यांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, आणि खाताना फेर नको.

परदेशातली नातवंडं आणि इथली आजी व्हिडिओ कॉलवर एकत्र गाऊ पाहतात आणि ते हमखास फसतं, कारण आवाज उशिरा पोचतो. एक ओळ आजीने म्हणावी, ती पूर्ण झाली की दुसरी नातवंडाने. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करावं, नाहीतर टाळ्यांना गोंगाट समजून ते अ‍ॅप कापून टाकतं.

नवरात्रात पुरवण्यांमधून भोंडल्याची गाणी छापून येतात, पण नुसते शब्द. आपण यंदा प्रत्येक गाण्याखाली सुरुवातीचा सूर, चाल खाली-वर कुठवर जाते आणि गाणं कोणत्या वयाला पेलेल एवढं छापावं. शेजारी क्यूआर कोड देऊन एकाच बाईच्या आवाजातलं, वाद्यांशिवाय, पांढरी दोनमधलं ध्वनिमुद्रण दिलं तर ते घरोघरी शिकण्यापुरतं वापरता येईल.

आपले,
बालवाडीत लोकगीतं शिकवणारे काही शिक्षक, पुणे