पलटणीचा आकडा छापताना त्यासोबत वर्षही छापा

महोदय,

पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावकऱ्यांवरचे लेख, घरात सापडलेल्या पदकांची छायाचित्रे असा मजकूर आपल्या पुरवण्यांत अधूनमधून येतो. विषय मोलाचा आहे, पण त्यातले पलटणीचे नाव बऱ्याचदा चुकलेले असते. ‘आजोबा ५ मराठा पलटणीत होते’ एवढे लिहून काहीच कळत नाही, कारण पाचव्या क्रमांकाचे किमान तीन अर्थ आहेत आणि ते वर्षावर ठरतात.

मुंबई इलाख्याच्या पायदळातली जुनी पाचवी पलटण सरसेनापती किचनेर यांनी १९०३मध्ये केलेल्या लष्कराच्या पुनर्रचनेत १०५ झाली. मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकात शंभर मिळवायचे, असा तेव्हाचा नियम होता. म्हणून तिसरीची १०३, दहावीची ११० आणि सतरावीची ११७ झाली. १९२२मध्ये यांतल्या मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या आणि त्या रेजिमेंटलाच पाचवा क्रमांक मिळाला. त्यात १०३ पहिली बटालियन झाली, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी, आणि ११४ दहावी म्हणजे प्रशिक्षण बटालियन. आजची ५ मराठा ही जुन्या ११७ची वारस आहे, तर मूळ पाचवीची वारस आहे २ मराठा. ‘काली पांचवी’ हे तिचे टोपणनाव त्यामुळेच टिकून आहे. जुन्या ११०ची वंशावळ शोधणाऱ्याला तर आजच्या मराठा रेजिमेंटमध्ये ती सापडणारच नाही. ती बटालियन १९५२मध्ये २ पॅरा, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, झाली.

आकड्यांमधली तिरकी रेघ हे चुकीचे दुसरे मोठे कारण. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे १९४४मध्ये इटलीत ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीत (हलक्या पायदळात) होते, म्हणजे पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन. अक्षरजुळणीत रेघ गळाली की त्याचे ‘३५ मराठा’ होते. पहिल्या महायुद्धातल्या कागदांवर २/११७ दिसले, तर तो ११७व्या रेजिमेंटची दुसरी, युद्धकाळात उभारलेली बटालियन असा वाचायचा. १९२२च्या आधी रेघेनंतरचा आकडा तीन अंकी असू शकतो, त्यानंतर पायदळात तो विसापर्यंतच जातो. नुसत्या या खुणेवरूनही कागद कोणत्या काळातला ते बरेचदा ठरते.

ओळख पटवायची तर सुरुवात घरातल्या वस्तूपासून करावी. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल यांच्या कडेवर, तर १९१४-१५ स्टारच्या पाठीवर, शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि तुकडी ठोकलेली असते. पदक आडव्या उजेडात धरून भिंगाने वाचावे आणि कडेचे फोटो चार-पाच तुकड्यांत घ्यावेत. पितांबरी किंवा ब्रासोने घासू नये. झीज आधी अक्षरांची होते. वॉर मेडल चांदीचे नसून काशाचे असेल तर शिपाई पलटणीपेक्षा मजूर पथकाकडे पहावे, कारण काशाची आवृत्ती त्यांच्यासाठी होती. शिपाई क्रमांक एकटा कामाचा नाही. तेव्हा प्रत्येक रेजिमेंटचे क्रमांक स्वतंत्र असत, त्यामुळे एकाच क्रमांकाची माणसे अनेक पलटणींत निघतात.

जवान युद्धात मरण पावला असेल तर पुढची पायरी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची मोफत ऑनलाइन यादी. इथे नाव टाकून पहिल्या फटक्यात काही मिळेल अशी आशा ठेवू नये. जाधव हे जाधाव, जादव, जाडो अशा किती तरी रूपांत इंग्रजीत उतरले आहे. पवारचे पोवार होते, शिंदेंचे सिंदे. त्यापेक्षा रेजिमेंट आणि मृत्यूचे वर्ष देऊन यादी काढावी आणि शेवटच्या रकान्यातले वडिलांचे किंवा पत्नीचे नाव व गाव पहावे. गाव जुन्या जिल्ह्यात शोधायचे असते: रायगडऐवजी कुलाबा, सिंधुदुर्गऐवजी रत्नागिरी किंवा सावंतवाडी संस्थान, सांगलीतली बरीच गावे साताऱ्यात. खेड नुसते दिसले तर पुण्याचे की रत्नागिरीचे, हे तालुका वाचल्याशिवाय लिहू नये. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे, पण तिथल्या दगडावर साध्या हिंदी (भारतीय) शिपायांची नावे नाहीत, रेजिमेंटखाली फक्त संख्या आहे. त्यामुळे स्मारकाच्या फोटोत नाव नाही म्हणून माणूस तिथे नव्हता, असा निष्कर्ष काढता येत नाही.

मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) बाबतीत तारीख फार बोलते. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी तिथल्या कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. यांपैकी एखाद्या पलटणीतल्या शिपायाच्या मृत्यूची तारीख त्यानंतरची असेल, तर तुर्कांच्या कैदेत मृत्यू आला का हे आधी तपासावे. मात्र त्या पलटणी पुढे पुन्हा उभ्या केल्या गेल्या, म्हणून नुसत्या तारखेवर शिक्का मारू नये.

मग छापील साधने. इंडियन आर्मी लिस्टच्या त्या-त्या वर्षाच्या अंकात रेजिमेंटची जुनी नावे, मुक्काम आणि भरती कोणत्या समाजांतून होई ते एका पानावर मिळते. काही वर्षांचे अंक इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. मराठा आडनाव म्हणजे मराठा पलटण, हा समज तिथे लगेच मोडतो: मराठे खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्करी अभियंत्यांच्या दलात) होते, रस्ते-खंदक बांधणाऱ्या पायोनियर पलटणींतही होते, आणि मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानही होते. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या युद्धदैनंदिन्या (डब्ल्यूओ ९५ ही मालिका) पलटण कोणत्या दिवशी कुठे होती हे सांगतात. शिपायांची नावे त्यांत क्वचितच येतात, बहुधा ‘इतके ठार, इतके जखमी’ एवढेच. शौर्यपदकासाठी लंडन गॅझेट चाळावे, आणि तिथे नसेल तर गॅझेट ऑफ इंडिया; हिंदी शिपायांचे सगळेच सन्मान लंडनला छापले जात नसत.

फोटोवरून पलटण ठरवणे सर्वांत धोक्याचे. बिगुल दिसला तर लाइट इन्फन्ट्री एवढेच कळते, कोणती ते खांद्यावरच्या पितळी आकड्याशिवाय नाही. त्या काळच्या फिल्मवर लाल-नारिंगी रंग गडद आणि निळा फिका उतरतो, म्हणून काळ्यापांढऱ्या फोटोतल्या फितीवरून पदक ओळखू नये.

बिल्ल्यावरून वंशावळ लावतानाही घोळ होतो. कोरेगावच्या १ जानेवारी १८१८च्या लढाईतली बटालियन मुंबईच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी. ती १८२४मध्ये दुसरी पलटण झाली, १९०३मध्ये १०२ ग्रेनेडियर्स आणि १९२२मध्ये २/४ बॉम्बे ग्रेनेडियर्स. महार रेजिमेंट १९४१मध्ये उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. तो स्तंभ त्या लढाईत लढलेल्या महार सैनिकांचा सन्मान आहे, बटालियनची वंशावळ नव्हे. पहिल्या महायुद्धातल्या महार शिपायाची पलटण शोधायची तर १९१७मध्ये उभारलेली आणि १९२१मध्ये मोडलेली १११ महार आधी पहावी.

गावोगावी ‘या गावातून इतकी माणसे महायुद्धास गेली’ अशा इंग्रजी संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवर एकूण संख्या आणि मृतांची संख्या असते, पलटण नसते. पाटीच्या आधारे सगळे गाव एकाच मराठा पलटणीत घालणारे लेख कृपया छापू नयेत.

आपणांस विनंती एवढीच की, तुकडीचे नाव ‘११७ मराठा (१९१६)’ अशा पूर्ण रूपात आणि ते कशावरून ठरवले, पदकाची कड, कमिशनची नोंद की घरची आठवण, हे कंसात छापावे. लेखकाकडून पदकाच्या कडेचा फोटो मागवला तर अर्ध्या चुका टेबलावरच थांबतील.

आपला,
लष्करी इतिहासाचा एक अभ्यासक, सातारा