आत्या, अर्ध्या म्हणींसाठी थँक्यू

प्रिय आत्या,

माझ्या बायकोला इंग्लिशच्या अर्ध्या म्हणी उलगडून दिल्यास, त्याचे फोनवर आभार मानायला गेलं की तू 'पुरे रे, जेवलास का' म्हणून विषय बदलतेस, म्हणून इथं सगळ्यांसमोरच लिहितोय, आता ऐकून घ्यावंच लागेल.

बायको कोलंबियाची, मेडेयीनची, इंग्लिश शाळेपासून शिकलेली आणि व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं. पण इथं न्यू जर्सीत तिच्या ऑफिसमधे लोक म्हण अर्धी बोलतात आणि थांबतात. 'वेल, व्हेन इन रोम...' झालं, पुढचं 'डू अ‍ॅज द रोमन्स डू', म्हणजे आपलं जसा देश तसा वेश, कोणी म्हणतच नाही, कारण बाकीच्यांना ते लहानपणापासून पाठ आहे. शब्द सगळे ओळखीचे, अर्थाचा पत्ता नाही, आणि जे कोणी बोललंच नाही ते शोधायचं कुठं? त्यात स्पॅनिशमधेही एक रोम आहे, 'आब्लान्दो देल रेय दे रोमा', रोमच्या राजाचं नाव काढलं आणि तो दारात हजर, म्हणजे ज्याच्याबद्दल बोलत होतो तोच आला. त्यामुळे ऑफिसात कोणी रोम म्हटलं की ही दाराकडे बघायची, कोण आलं म्हणून.

तू तिला इंग्लिशची यादी पाठ करायला दिली नाहीस, हे मला सगळ्यात आवडलं. आयुष्यभर साताऱ्याकडे शाळेत इंग्लिश शिकवलंस, पण तिला पहिला प्रश्न काय विचारलास तर तुमच्याकडे कुठल्या म्हणी अर्ध्यावर सोडतात? मग तिची जी गाडी सुटली! 'आ बुएन एन्तेन्देदोर', म्हणजे जाणत्याला, एवढंच म्हणतात, 'थोडे शब्द पुरे' हे मनातच. 'कामारोन के से दुएर्मे', झोपलेली कोळंबी, तिला पाणी वाहून नेतं हे समोरच्यानं समजून घ्यायचं. तू म्हणालीस आपणही नुसतं 'नाचता येईना' म्हणून सोडतो, अंगण कोण बोलून दाखवतंय. त्या कॉलनंतर तिची भीती गेली, कारण आपल्याला इंग्लिश येत नाही असं जे तिला वाटायला लागलं होतं ते खरं नव्हतं, हे तिला तिच्याच भाषेतून कळलं.

आता जोड्या लावायचा नाद लागलाय. इंग्लिशमधे हातातल्या एका पक्ष्यासमोर झुडपातले दोन, स्पॅनिशमधे उडणारे शंभर! 'अर्ली बर्ड' एवढंच कानावर आलं की अळी मिळणार हे ती स्वतः जोडते, कारण तिच्याकडे लवकर उठणाऱ्याला देव मदत करतो. 'द लास्ट स्ट्रॉ'नं मात्र खूप छळलं. तिच्याकडे शेवटच्या थेंबानं ग्लास भरून वाहतो, त्यामुळे ग्लास आणि स्ट्रॉ म्हटल्यावर तिला कोल्ड्रिंकची नळीच दिसायची. त्यात उंट आहे, गवताच्या शेवटच्या काडीनं त्याची पाठ मोडते, हे तू सांगेपर्यंत उंट कुठंच नव्हता.

आणि रोमची गोष्ट तर तिनं ऑफिसात सगळ्यांना सांगितली. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज ऑगस्टिनला म्हणाले होते, मी रोमला असलो की शनिवारी उपास करतो, मिलानला असलो की नाही करत, तूही जिथं जाशील तिथली रीत पाळ. ऑफिसातल्या इंग्लिशवाल्यांनाच माहीत नव्हतं!

आवाजाचं तू सांगितलेलं तर मलाही कधी सुचलं नसतं. वाक्य संपलं की आवाज खाली येतो, म्हण अर्धी सोडली की तो वरच राहतो, आधी बहुतेक वेळा 'वेल' नाहीतर 'यू नो व्हॉट दे से' येतं, अशा वेळी न लाजता पुढचं काय ते विचारायचं. ती विचारते आता, आणि लोक आनंदानं सांगतात ग.

रविवारी तिची मावसबहीण पण कॉलवर बसणारे, नुकतीच मेडेयीनहून आलीय, 'बर्ड्स ऑफ अ फेदर'पाशी अडलीय. तुझी दिवाबत्ती झाली की फोन लाव, आमची इथं सकाळ असते, दोघी तयार असतील.

तुझा भाचा