कोनाचा रे तू?

ता. वणी, जि. यवतमाळ
14 नोव्हेंबर

प्रिय चिमे,

काल सीतादहीची पूजा झाली, आज कापूस वेचणीला बाया आल्या. वावरातून आल्यावर आत्ता कुठे तुला लिहायला बसले.

तू लिहिलंस तो फ्रान्समधल्या लिऑनच्या मेट्रोबाहेरचा माणूस डोक्यातून जात नाही गं. मागे मागे येत "नमस्ते, नमस्ते" करत राहिला म्हणे. शिवी फ्रेंचमध्ये असती तर निदान कळली तरी नसती. हा तर आपलाच शब्द, तोच नासवला मेल्यानं.

वणीच्या स्टँडवरची आपली मोठी माय आठवते? पानठेल्यावरच्या पोट्ट्यानं आपल्याला पाहून शिट्टी मारली, तर डोक्यावरचं गाठोडं न उतरवता ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "कोनाचा रे तू?" एवढंच. त्यानं खर्रा गालात दाबला, पायानं चप्पल चाचपली. तिनं परत विचारलं तेव्हा मान खाली घालून बापाचं नाव सांगितलं.

लिऑनमध्ये हे कोणाला विचारणार? तिथे तोही कोणाचा नाही, तूही कोणाची नाहीस. 2018 पासून तिकडे अशा छेडछाडीला दंड आहे खरा, 2023 पासून तर 1500 युरोपर्यंत, पण पोलिसासमोर घडलं तर ठीक. नाहीतर तेही विचारणार, कोण होता? आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम 79 आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. पण गाडी त्याच प्रश्नावर अडते.

आणि एक सांगू? त्या दिवशी आपण घरी पोचायच्या आधी गोष्ट पोचली होती. पोट्ट्याला कोणी काही म्हटलं नाही, माझं कॉलेज मात्र महिनाभर बंद. (तुझे बाबा मास्तर, म्हणून तू सुटलीस.) मी कोणाची, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं ना! तुला तिथे घरात कोंडणारं कोणी नाही. तेव्हा त्या मेल्यापायी संध्याकाळचा क्लास सोडशील तर बघ. मागे लागला तर सरळ दुकानात शीर. "लेसे-मुआ त्रांकिल" (मला त्रास देऊ नका) पाठ कर, आणि त्याच्यासाठी नाही, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं ओरड. पोलिसांचा नंबर 17. बोलता येत नसेल तर 114 वर मेसेज टाक.

मोठी माय शेजारी वाती वळत बसली आहे. सगळं वाचून दाखवलं. विचारते, "त्यायच्या भाषेत 'कोनाचा रे तू' कसं म्हनतेत?"

लिहून पाठव. तिला पाठ करायचं आहे.

तुझीच,
बुढी