बांधकाममंत्र्यांना खुले पत्र: पाणी मारण्याचे पैसे वेगळे द्या

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात लहान कंत्राटदारांच्या साइटवर सुपरवायझर आहे. मोऱ्या, शाळाखोल्या, गावातले काँक्रीट रस्ते ही आमची कामे. गुणवत्तेचा विषय निघाला की तपासणी वाढवा, असेच सगळे म्हणतात. पण निरीक्षक पोहोचेपर्यंत काँक्रीट कधीच घट्ट झालेले असते. गुणवत्ता सांभाळायची सवय कंपनीतच लागली पाहिजे, आणि ती लागत का नाही हे मला आपल्याला सांगायचे आहे.

पावसाआधी उरकायचे म्हणून आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये कामांची घाई असते. पारा ४५ अंशांच्या आसपास, विहिरी तळाला गेलेल्या. आयएस ४५६ या काँक्रीटकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे अशा कोरड्या उन्हात नवे काँक्रीट पाणी मारून किमान १० दिवस ओले ठेवायला हवे. राखमिश्रित पीपीसी सिमेंट असेल तर १४ दिवसांची शिफारस आहे. निविदेत मात्र पाणी मारणे काँक्रीटच्याच दरात धरलेले असते. टँकर बोलावला तर कंत्राटदाराच्या खिशाला चाट, नाही बोलावला तर तेवढी बचत. मग काँक्रीटवर ओला करून अंथरलेला बारदाना दोन-तीन दिवसांत वाळतो. पुढे रस्त्यावर भुकटी सुटते, भेगा पडतात, गिट्टी उघडी होते. मजुराला दोष देऊन काय उपयोग? दराची मांडणीच तशी आहे.

क्यूबच्या, म्हणजे त्याच काँक्रीटच्या नमुना ठोकळ्याच्या, चाचणीतही हे सापडत नाही. १५ सेंटिमीटरचा क्यूब २८ दिवस पाण्यात राहून मगच ताकद पाहण्यासाठी यंत्रात दाबला जातो. तो पास झाला म्हणजे माल चांगला होता. उन्हात पडलेल्या स्लॅबला पाणी मिळाले की नाही, हे तो सांगू शकत नाही.

म्हणून पाणी मारणे ही निविदेत वेगळी बाब करा आणि रोजची नोंद व फोटो पाहूनच तिचे बिल काढा. ती नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावरही लागावी. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा गाभा तरी काय आहे? पद्धत ठरवा, तसे केल्याची नोंद ठेवा, चुकले तर कारण शोधून पद्धत सुधारा. पाच माणसांच्या कंपनीलाही हे जमेल. त्यासाठी प्रत्येक कंपनीच्या एका माणसाला शासकीय तंत्रनिकेतनात आठवडाभर शिकवा.

येत्या उन्हाळ्याच्या निविदा निघण्याआधी एका तालुक्यात हे करून पाहावे. आमचा दारव्हा तालुका निवडलात तर पहिली नोंदवही ठेवायला मी तयार आहे.

आपला,
एक साइट सुपरवायझर
ता. दारव्हा, जि. यवतमाळ