लेकरं म्हणालात, तर तब्येतीचीही चौकशी करा

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार

महोदय,

फेब्रुवारी 2016 मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषद भरली. रोमा म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी भारतातून युरोपात गेलेला समाज. युरोपातून आलेल्या रोमा पाहुण्यांना तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी भारताची लेकरं म्हटलं. तेव्हापासून आपण त्यांच्या भाषेबद्दल, नाचगाण्याबद्दल कौतुकाने बोलतो. ती लेकरं आजारी पडली की त्यांना कोण बघतं, हे मात्र विचारत नाही.

स्लोव्हाकियातल्या प्रेशोव्हच्या सरकारी रुग्णालयात ऑगस्ट 2000 मध्ये वीस वर्षांची एक रोमा बाई बाळंतपणाला आली. ऐन कळांमध्ये तिला सांगितलं गेलं, पुन्हा दिवस राहिले तर तू तरी जाशील नाहीतर बाळ तरी. केसपेपरवर 'रुग्णाला नसबंदी हवी आहे' असं टाइप केलेलं. खाली तिची थरथरती सही. नसबंदी म्हणजे काय, हेही तिला ठाऊक नव्हतं. सिझेरियनबरोबर तेही उरकलं. त्याच कागदांत 'रुग्ण रोमा वंशाची' अशीही नोंद होती. तिचा उपचाराशी काय संबंध, देव जाणे! 2011 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तिला 31,000 युरो द्यायला लावले.

अशा बायका अनेक. 2021 मध्ये स्लोव्हाक सरकारने माफी मागितली, पण सोबत भरपाई दिली नाही. शेजारच्या चेक प्रजासत्ताकाने त्याच वर्षी अशा प्रत्येकीला 3 लाख क्राउन (तिथलं चलन) भरपाई देणारा कायदा केला. तिथेही जुने कागद रुग्णालयांनी नष्ट केलेले, म्हणून कित्येकींचे अर्ज फेटाळले गेले.

युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने 2021 मध्ये केलेल्या पाहणीत रोमा बायकांचं आयुर्मान इतरांपेक्षा 11 वर्षांनी आणि पुरुषांचं 9 वर्षांनी कमी भरलं.

तुम्ही म्हणाल, आधी आपल्या पारध्यांच्या पालांवर जाऊन बघा. रास्त आहे. आणीबाणीतली नसबंदीही आम्ही विसरलेलो नाही. म्हणून उपदेश नको, पण विषय तर काढता येईल? एप्रिल 2025 मध्ये राष्ट्रपती स्लोव्हाकियाच्या राजधानीला, ब्रातिस्लाव्हाला, जाऊन आल्या, म्हणजे बोलण्याइतके संबंध आहेतच.

पुढच्या द्विपक्षीय बैठकीत भरपाईबद्दल विचारा. शिवाय तिथे रोमा वस्त्यांतल्याच बायका-पुरुष आपल्या आशाताईंसारखे दवाखाना आणि घर यांच्यामध्ये धावपळ करतात. त्यांची आणि आपल्या आशांची एकमेकांकडे ये-जा सुरू करा. खर्च फार नाही. आणि स्लोव्हाकियाकडून जे उत्तर येईल, ते संसदेत सांगा.

कळावे,
एक करदाता, सातारा