तोंड आलं की फक्त ‘उष्णता’च?

संपादक महोदय,
तोंड आलं की ‘उष्णता झाली’ म्हणायचं, एखादी व्हिटॅमिनची गोळी गिळायची नि मोकळं व्हायचं. अहो पण कारणं ढीगभर असतात, गाल दाताखाली येतो, ब्रेसेसची तार टोचते, टेन्शन तर आहेच, आणि वारंवार येत असेल तर लोह, फॉलिक अ‍ॅसिड, बी १२ कमी आहे का ते रक्त तपासून बघायला नको का? काहींना टूथपेस्टमधलं फेस आणणारं रसायन, सोडियम लॉरिल सल्फेटही बाधतं (पाकिटावरचं बारीक कोण वाचतं म्हणा!). मधे पांढरट-पिवळा, कडेने लालबुंद असा साधा छाला आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप भरतो, दुसऱ्याला लागतही नाही. पण ३ आठवडे झाले तरी जखम तशीच, कडा कडक लागतायत, तर दुखत नसली तरी मलम चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा, तंबाखूवाल्यांनी तर आधी. आरोग्याच्या पानावर हे जरा ठळक छापा ना.
– एक वाचक